दुसऱ्यांदा भाजलेल्या कुकीज

६ जानेवारी

बटर आज पुन्हा फ्रीजमध्ये.

सायली सकाळी उठल्याबरोबर बटर ओट्यावर काढून ठेवते, मऊ व्हायला. थंडी अशी पडलीय की दुपारपर्यंत नुसती वीट. जरा कुठे बोट दाबलं जाईल इतपत होतं, तोवर अक्का उचलून आत ठेवून मोकळी. "उघडं लोनी ठेवू नाय. मांजर तोंड घालंल." तिसऱ्या मजल्यावर मांजर. म्हटलं, अक्का, मांजर लिफ्टने येणार का? तर म्हणे, "तुझ्या बिल्डिंगीत कोन कशानं येतं, मला काय ठाव."

हसलो, पण वैताग आला. सूनबाई मुकाट्याने बटर परत बाहेर काढते. तिचं ते मुकाट्याने मला फार मोठ्याने ऐकू येतं. अक्काला बोलणार कोण? आई गेल्यावर या बहिणीनेच मला न्हाऊमाखू घातलं. माझी बायको मंदा गेल्यावर तिनेच निफाडकडचं घर बंद केलं आणि इथे येऊन माझं स्वयंपाकघर धरलं. सातपूरला माझ्या वर्कशॉपमध्ये माझ्या आवाजाने शेडचा पत्रा हलतो. घरात अक्कापुढे माझा घसा बसतो.

शनिवारी सायलीचा (इथून पुढे नुसतं सा.) पहिला मोठा माल जायचाय. कॉलेज रोडच्या कॉफीवाल्याने, तेजस नाव त्याचं, नमुना खाल्ला आणि म्हणाला, दर आठवड्याला घेईन, पण अगदी असाच हवा. चॉकलेट चिप कुकीज. साध्या, वर नक्षी नाही, चेरी नाही. बँकेतली नोकरी सोडून ती केक करायला लागली तेव्हा पाहुणे म्हणायचे, छंद आहे. आता म्हणा धंदा. सातपूरला चार जणांना सांगून आलो. घरी येऊन तिला हे सांगितलं तर म्हणाली, "पप्पा, माल जाऊ द्या ना आधी."

बरोबर आहे तिचं. तरी राग आला. माणसाने आनंद ठेवायचा कुठे, फ्रीजमध्ये?

८ जानेवारी

ओव्हनमधून ताजी निघालेली एक उचलायला गेलो, मधोमध वाकली. म्हटलं, कच्ची आहे.

"कच्ची नाही पप्पा. कडा लाल आणि मध्ये फिकट असतानाच काढायच्या. गरम ट्रेवर आपापल्या बसतात."

"आपापल्या?"

"हो. हात नाही लावायचा."

आयुष्यभर पत्रा वाकवला. आपापलं बसलेलं काही बघितलं नाही. ठोकल्याशिवाय काही बसत नाही. पण नवी गोष्ट आहे, म्हटलं गार होऊ दे.

गार झाल्यावर खाल्ली. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, चॉकलेट जिभेवर विरघळतं, मागून मिठाचा एक कण. चव एक नंबर. पण मऊ. बिस्कीट मऊ लागलं की आपल्या माणसाच्या तोंडात एकच शब्द येतो. तो गिळला.

९ जानेवारी

सगळ्या कुकीज पुन्हा भाजल्या. अक्काने. एकूण एक.

रागाने जेवण गेलं नाही. क्रमाने लिहून काढतो, म्हणजे डोकं थंड होईल.

सा. पहाटेपासून भाजत होती. हॉलभर कुकीज. टीव्हीच्या टेबलावर, दिवाणावर, माझ्या आरामखुर्चीवरसुद्धा जाळी ठेवलेली. दुपारी जेवायला घरी आलो तर ती डबे आणायला मेन रोडला निघाली होती. ती गेल्यावर एक तोंडात टाकली आणि काल गिळलेला शब्द आज बाहेर पडला. "सादळल्यात." कोणाला उद्देशून नाही. उभ्या उभ्या, हात पुसता पुसता. अक्का भाकरी थापत होती, पाठमोरी. जेवून सातपूरला गेलो.

माझा तो शब्द अक्काने ऐकला. तिचा हिशेब सरळ. मऊ म्हणजे सादळलेलं, सादळलेलं म्हणजे पुन्हा भट्टीत. गावी दिवाळीत असंच. बायका मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायच्या, बाकड्यावर बसून आपापली नानकटाई भाजून आणायच्या. घरी आल्यावर मऊ लागली की अक्का तोच डबा डोक्यावर घेऊन परत भट्टीवर. भट्टीवाल्याशी भांडून पुन्हा भाजून घ्यायची. सगळ्या गावात आमची नानकटाई कडक, म्हणून हिचं नाव. तर हिने विचार केला, पोर नवी आहे, माल मऊ गेला तर नाव जाईल. ओव्हनची कळ सा. फिरवते तशी फिरवली आणि ट्रेमागून ट्रे आत.

मी आलो तेव्हा खुशीत होती. दोन कुकीज एकमेकींवर आपटून दाखवल्या. "वाजवून बघ. कशा खनखनीत झाल्यात." आवाज पक्क्या भाजलेल्या कौलाचा. चॉकलेट करपून कडू.

सा. माझ्या आधी पोचली होती. डबे भिंतीला नीट लावून ठेवलेले. बाथरूममध्ये नळ चालू होता. खूप वेळ. नुसता नळ.

माझा पोरगा नीलेश कंपनीतून आला, ऐकलं, आणि म्हणतो, "जाऊ द्या ना पप्पा, होतं असं कधीकधी." कंपनीत हा क्वालिटी बघतो. तिथेही असंच म्हणतो का?

१० जानेवारी

आज माझ्या घरात मी चोर ठरलो. लिहून ठेवतो.

सकाळी सा. तेजसला कळवणार होती की माल जमला नाही. मी म्हटलं जरा थांब, आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन मीच त्याला फोन लावला. माझा धंदा उभा राहिला तो असाच. मोठ्या कंपनीने नापास केलेला पत्रा उचलायचा, त्यातला चांगला तुकडा बघायचा, त्याला गिऱ्हाईक शोधायचं. नापास माल असं काही नसतं, नापास विकणारा असतो. तेजसला म्हटलं, या आठवड्यात कडक प्रकार पाठवतोय, कॉफीत बुडवून खायचा, लोकांना आवडेल. पोरगा बरा आहे. म्हणाला, "काका, पाठवा, ट्राय करू."

दोन मिनिटांत काम. जिना चढून वर आलो, लिफ्टची वाट बघायला धीर नव्हता. सा.ला सांगितलं.

ती खुर्चीवर बसली होती, उठली. "माझ्या नावाने?"

"मग कोणाच्या? माल तुझाच ना?"

"तो माझा माल नाही पप्पा. करपलेला आहे. तुम्ही त्यांना हे सांगितलंत?"

"करपलेला नाही, कडक."

मग ती म्हणाली ते वाक्य. आवाज न चढवता. "आत्यांनी न कळून केलं. तुम्ही कळून केलंत."

माझ्यासमोर तिने तेजसला फोन लावला. माल खराब झालाय, पाठवत नाही, काकांनी सांगितलं ते विसरा, पंधरा दिवस द्या. तो बरं म्हणाला. पण 'बरं' म्हणायच्या आधी जरा थांबला. त्या थांबण्यात काय असतं ते मी तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या फोनवर ऐकत आलोय. हातात आलेलं गिऱ्हाईक. आता येईल की नाही, देव जाणे.

मी वाचवायला गेलो. आणि मीच घालवलं.

११ जानेवारी

रविवार. 

अक्का एकटी चहात कुकी बुडवून खाते आणि म्हणते, "मस्त हाय." तिला बोलावं तर बोलवत नाही.

१२ जानेवारी

कान नसते तर सुखी असतो.

गॅलरीत झाडांना पाणी घालत होतो. आत सा. आणि नी. चहा पीत होते. तिला वाटतं स्वयंपाकघराची खिडकी लावली की आवाज बंद. पत्रा कापायच्या चालू प्रेसच्या धडधडीत आतला साचा कुठे घासतोय हे मला लांबून कळतं, ही तर नुसती काच.

द्वारका चौकाच्या पुढे एक फरसाणवाला बंद पडलाय, त्याची मागची खोली भाड्याने आहे. ओटा, पाणी, मोठी वायरिंग, सगळं तयार. वर दोन खोल्या. सा. म्हणाली, "इथे मी ट्रे खाली ठेवला की कोणाचा तरी हात पडतोच रे. प्रेमाने पडतो, म्हणून बोलताही येत नाही." नी. म्हणाला, "खोली बघू. वरच्या खोल्यांचं नंतर ठरवू."

वरच्या खोल्यांचं. म्हणजे बिऱ्हाड.

हे मला कोणी सांगितलेलं नाही. पाणी घालून झालं. तुळस इतकी भरली की खालच्या बाईंनी ओरडून सांगितलं, "काका, आमचे कपडे."

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून जो तो 'गोड बोला'. दात ओठ खात बोललो.

अक्का आणि सा. तिळाच्या वड्या थापायला बसल्या. मी हॉलमध्ये पेपर धरून. अक्का एकदम म्हणाली, "पोरी, मला काय ठाव गं. मऊ बिस्कीट मंजी आमच्यात वाया गेलेलं. तुझं नाव जाऊ नाय म्हनून केलं."

सा. म्हणाली, "कळलं मला आत्या."

"मग रडली कामून?"

"रडले नाही. नळ चालू होता."

"नळ कशापायी सोडत्यात, ते बी ठाव हाय मला."

दोघी हसल्या. मग सा.ने तिला विचारलं की तिळाच्या पाकाची गोळी कधी झाली हे कळतं कसं, आणि अक्का अर्धा तास बोलत राहिली. झालं, मिटलं त्यांचं. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला तिळगूळ दिला, पाया पडली, "गोड बोला पप्पा" म्हणाली. तेवढंच. अक्काला अर्धा तास, मला दोन शब्द, आणि तेही सणाचे.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. आतल्या खोलीत बसलो. कोणी तरी विचारलं, कुकीजचं काय झालं गं, तुझे सासरे तर सगळीकडे सांगत होते. सा. म्हणाली, "चाललंय."

सगळीकडे सांगत होते. हो, सांगत होतो. आता तेही चुकलं.

१५ जानेवारी

सातपूरला राजारामवर उगाच ओरडलो. वीस वर्षं माझ्याकडे वेल्डर आहे. तो हेल्मेट वर करून म्हणाला, "शेट, घरचं घरी ठेवा, इथं ठिणग्या पुष्कळ हायेत." बाकीचे हसले. मीही हसलो. मग पुन्हा ओरडलो.

१७ जानेवारी

शनिवार. सा. आणि नी. 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणून गेले. कुठे, ते मला कळतं. त्यांना वाटतं कळत नाही.

तिडीक आली. असं काय मोठं आहे या कुकीत की त्याच्यासाठी घर लहान पडावं? अक्काला म्हटलं, आपण करून बघू.

"आज शनवार. मी अंड्याला शिवनार नाय."

"तू नको शिवू. मी फोडतो."

मी अंडी फोडेपर्यंत ती गॅलरीत तोंड करून उभी. मग आली आणि ताबा घेतला. मैदा, पांढरी-तपकिरी दोन्ही साखरा, मीठ, सोडा, चॉकलेटचे तुकडे, सगळं परातीत. बटर वीट. अक्का म्हणाली, "मोहन कडकडीत पायजे. शंकरपाळ्याला घालतो तसं. त्याबिगर खुसखुशीत व्हनार नाय." मला पटलं. पटणारच, जन्मभर तेच बघितलंय. बटर कढईत उकळलं आणि वरून ओतलं. चुर्र. चांगला आवाज आला. चमच्याने ढवळलं आणि बघता बघता चॉकलेट पाघळलं. सगळी परात काळी.

अक्काने वाकून बघितलं. "ह्यो तर शेनकाला झाला."

"थंड झालं की येईल वळणावर."

"शेन थंड झालं तर गोवरी व्हती, सुभाष."

तरी गोळे करून ट्रेवर मांडले, आत ढकलले. मग दर दोन मिनिटांनी दार उघडून बघतोय, गोळा बसला का, कड आली का. अक्का स्टुलावर बसलेली. शेवटी म्हणाली, "उबवायला बसलेल्या कोंबडीला असं सारखं उठवत्यात का? तुला बसवतच नाय बघ. लहानपनी पन नाय बसवलं."

निघाला एक काळा पत्रा. गोळे एकमेकांत वितळून एकजीव. माप घेऊन कापला असता तर विजेच्या पॅनेलचं दार झालं असतं.

ते दोघं आले तेव्हा मी उलथण्याने ट्रे खरवडत होतो. सा.ने एक तुकडा मोडला, तोंडात टाकला. "मोहन घातलंत?" आणि हसली. आठवडाभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मलाही हसू फुटणार, एवढ्यात म्हणाली, "पप्पा, एक खोली बघून आलो. द्वारकेकडे. आवडली."

त्या हसण्याच्याच श्वासात. एक दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं?

१९ जानेवारी

भांडण झालं. आज खरं भांडण.

मी विचारलं, माझ्या घरात काय कमी आहे? हॉलमध्ये पार्टिशन टाकून देतो, दार लावून देतो. सातपूरच्या शेडची पुढची खोली रिकामी आहे, टाइल्स लावून देतो, एसी लावून देतो, तुझ्या नावाची पाटी लावतो.

"पप्पा, कमी काही नाही. हात जास्त आहेत."

"सातपूरला कोणाचे हात?"

"तुमचे."

नी. मध्ये पडला. "पप्पा, आता फक्त किचन. राहायचं अजून ठरलेलं नाही."

"ठरलेलं नाही म्हणजे ठरवताय."

त्याने सा.कडे बघितलं. म्हणजे ठरवताय.

मग माझ्या तोंडून गेलं की ओव्हन या घरातून हलणार नाही. अक्का कोपऱ्यातून म्हणाली, "पोरीनं सोताच्या पगारात घेतलाय त्यो. मला ठाव हाय, मीच कुंकू लावलं व्हतं त्याला."

दार आपटून फिरायला गेलो. रामकुंडापर्यंत चालत गेलो आणि रिक्षाने परत आलो. राग गेला नाही, गुडघा मात्र गेला.

भीती कसली, ते लिहितो. ते दोघं वरच्या खोल्यांत राहायला गेले की या घरात मी आणि अक्का. मला ऐकू जास्त येतं, आणि ऐकायला काही उरणार नाही. सकाळी भांड्यांचा आवाज तिच्या बाजूने, आणि माझ्या बाजूने काहीच नाही. हे मी सा.ला सांगितलं नाही. पार्टिशनचं सांगितलं, एसीचं सांगितलं.

२० जानेवारी

ओव्हन गेला. नी.ने गाडीत घालून द्वारकेच्या खोलीवर नेला. ओट्यावर त्याच्या पायांचे चार डाग राहिलेत. अक्काने ते लिंबाने घासले. निघाले नाहीत.

रात्रीच्या जेवणाला दोघं घरीच होते. झोपायला इथे, भाजायला तिथे. किती दिवस, विचारलं नाही. विचारलं तर ठरवून टाकतील.

२२ जानेवारी

सा. आज सातपूरला आली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. स्कूटर शेडच्या बाहेर लावली, आत आली, राजारामने खुर्ची पुसली, ती बसली नाही.

हातात कागद. ट्रे ठेवायचं रॅक हवंय, स्टीलचं, चाकं लावून. पट्टीने आखून, मापं घालून आणलेलं. "तुम्ही करून द्याल का? कोटेशन द्या, बाहेरच्यासारखं."

कोटेशन. सुनेने सासऱ्याकडे.  तरी म्हटलं, देतो.

"आणि पप्पा, एक सांगू? ड्रॉइंगमध्ये आहे तसंच करा. सुधारू नका काही."

राजाराम तिकडे तोंड करून हसला. त्याला माहिती. ज्याचं ड्रॉइंग येईल त्याचं मी सुधारतो. कुठे भोक सरकव, कुठे पट्टी वाढव. विचारत नाही. विचारलं तर गिऱ्हाईक वाद घालतं, न विचारता केलं तर माल चांगला चालतो आणि त्याला वाटतं त्याचीच हुशारी. सातपूरमध्ये माझं नाव झालं ते यावरच.

"तसंच करतो," म्हटलं.

ती गेल्यावर नी.चा फोन. "पप्पा, एवढं एक तिच्या मनासारखं होऊ द्या. मग राहायचं काय ते बोलायला मला तोंड राहील. नाहीतर मी काय बोलू तिला?"

म्हणजे रॅक नीट झालं तर घर नीट. जाऊ द्या-वाल्याने पहिल्यांदा काही मुद्द्याचं सांगितलं.

२३ जानेवारी

ड्रॉइंग चुकलंय.

सकाळी टेबलावर पसरून बघितलं आणि चहा खाली ठेवला. दोन ट्रेमध्ये तिने ठेवलेली जागा ट्रेच्या उंचीला पुरते, हाताला पुरत नाही. गरम ट्रे काढताना वरच्या ट्रेच्या बुडाला बोटांची पेरं घासणार. हातमोजा घातला तर हातच जाणार नाही. तिने रिकाम्या ट्रेवर पट्टी धरून माप घेतलं असणार, ओट्यावर, आरामात. मी हजार वेळा बघितलीय ही चूक. शिकलेली माणसं करतात, न शिकलेलीही करतात. मीही केलीय.

राजाराम म्हणाला, "शेट, नेहमीसारखं करू. एक ताट कमी, बाकी फाकवून देऊ. ताईंना कळणार बी नाही."

कळणार. ती ट्रे मोजेल. आणि एक कमी भरला की झालं. कळून केलंत.

आणि तसंच करून दिलं तर? बोटं तिची. रोज भाजतील, आणि ती बोलणार नाही, नळ सोडून उभी राहील.

कोणावर चिडू? तिच्यावर चिडलो. चांगली बँकेत होती. मग नी.वर. मग राजारामवर, तो समोर होता म्हणून.

२४ जानेवारी

रॅक उभं केलं. तिच्या मापाने, तंतोतंत. पण पक्कं वेल्डिंग केलं नाही. कोपऱ्याकोपऱ्याला नुसते टॅक मारून ठेवलेत. हातोडीच्या एका ठोक्यात सुटतील, सरकवता येतील. राजाराम विचारत राहिला, "पूर्ण मारू का?" नको म्हटलं.

सा.ला फोन केला. उद्या येऊन बघून जा.

"का? काय झालं?"

"काही नाही. बघून जा."

"ड्रॉइंगप्रमाणेच आहे ना?"

"तसंच आहे."

"मग बघायचं काय?"

जिभेवर होतं. ते गिळलं. म्हटलं, गिऱ्हाइकाने एकदा बघायचं असतं, आमच्याकडे पद्धत आहे. अशी काही पद्धत नाही.

२५ जानेवारी

आली. दुपारी, ट्रे घेऊन. रविवार, शेड बंद, मी आणि ती. मी लांब जाऊन उभा राहिलो, ड्रिल मशीनपाशी, हात मागे बांधून.

तिने ट्रे सरकवले. खालून वर, सगळे. खूश दिसली. मग एक बाहेर ओढायला गेली. बोटं अडली. पुन्हा. मनगट तिरकं करून. पिशवीतून हातमोजा काढून घातला आणि पुन्हा. हात गेलाच नाही. मी छताकडे बघत होतो, पण स्टीलवर मोजा घासल्याचा आवाज येत होता.

"पप्पा."

"हं."

"तुम्हाला हे कळलं होतं?"

"परवाच."

"मग बोलला का नाहीत?"

भडकलो. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं वर आलं. बोललो तर हात पडतो, नाही बोललो तर बोलला का नाहीत. म्हटलं, तूच म्हणालीस ना सुधारू नका, मग नाही सुधारलं, आता तुम्ही लोक एकदा काय ते ठरवा, म्हाताऱ्याने बोलायचं की गप बसायचं. शेड रिकामी, आवाज सगळीकडून परत आला. लाजच वाटली.

ती घाबरली नाही. म्हणाली, "सुधारणं वेगळं. सांगणं वेगळं."

"सांगितलं तर ऐकशील?"

"ऐकेन. करेन की नाही ते माझं."

 तिने खडू मागितला. मी दिला. ती खाली बसली, मोजा घातलेला हात मध्ये धरून प्रत्येक खणाला नवी रेघ मारत गेली. मध्येच विचारलं, टॅक कशाला म्हणतात. सांगितलं. "म्हणजे सुटतं?" हो, म्हटलं, सुटतं. तिने पुढची रेघ मारली. एक ट्रे कमी बसणार, हे तिच्याही लक्षात आलं. चालेल म्हणाली.

निघताना विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं. वरच्या खोल्यांचं काय.

हेल्मेटचा पट्टा लावत होती. "मंगळवारी तेजसला नवा नमुना द्यायचाय. तो होऊ द्या." ना हो, ना नाही. स्कूटर गेली, द्वारकेकडे की घराकडे, इथून दोन्हीचा रस्ता एकच.

परत येऊन रॅकसमोर बसलो. रेघा सरळ आहेत. नीट मारल्यात. पण दोन्ही हातांत मोजे घालून ट्रे धरला तर अजून अर्धं बोट जागा हवी. मी धरून बघितलं. हवीच. ती असताना हे दिसलं होतं का? दिसलं होतं. सांगितलं नाही. दुसऱ्यांदा सांगायचं असतं की नसतं, ते आता कोणाला विचारू?

सा.ला लावायला फोन हातात घेतला, ठेवला. उद्या सव्वीस जानेवारी, सुट्टी. परवा सकाळी राजारामला पहिलं काम हेच सांगून ठेवलंय. वेल्डिंग रेघेवर मारायचं की प्रत्येक खण अर्धं बोट वाढवून, ते अजून सांगितलेलं नाही.